शोधत होतो मराठा पलटण, सापडले वैमानिक

प्रति,
पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डायऱ्या, लॉगबुकं आणि पथकांच्या रोजनिश्या स्कॅन करून जगापुढे खुल्या करणाऱ्या अभिलेखागारांचे संचालक, सूचिकार आणि घरी बसून त्या पानांच्या नकला उतरवणारे स्वयंसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

आधी आभार, मग तक्रार आणि शेवटी मागणी, असा अर्जाचा रिवाज आहे. माझ्या पत्रात या तिन्हींची सरमिसळ झाली आहे, ती तशीच चालवून घ्यावी.

गेल्या वर्षी मी ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या मागावर होतो. सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याच्या बाजूला उतरली, टायग्रिसच्या काठाकाठानं बगदादच्या दिशेनं चढत गेली, बगदादजवळच्या टेसिफॉनला अडली आणि मागं येताना कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात कोंडली गेली. या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. त्यांतल्या शिपायांची नावं कुठं मिळतात का, एवढंच पाहायचं होतं. आपल्या शोधचौकटीत पलटणीचं नाव आजच्या स्पेलिंगनं टाकलं, तर निकाल शून्य. तासाभरानं डोक्यात उजेड पडला. त्या काळचे साहेब 'मराठा' लिहिताना मध्ये एक जादा एच आणि दोन टी घालत. तसं टाकल्यावर पानं आली, पण त्यांत पलटण कमी आणि आकाश जास्त. वर आलेल्या नोंदी बहुतेक विमानदलाच्या.

मग मी तिथंच अडकलो. शिपाई राहिले बाजूला, पहाटे तीनपर्यंत वैमानिक वाचत बसलो. पुढचे कित्येक आठवडे तेच.

आभार मानायचे ते यासाठी. ही पानं पूर्वी पाहायची तर विमानाचं तिकीट, ओळखपत्र, वाचनकक्षातली जागा आणि साहेबाच्या परवानगीची चिठ्ठी, एवढं सगळं लागायचं. आता पान पडद्यावर येतं आणि बोटांनी मोठं करता येतं. लष्कराचा सी. २११८ हा रोजनिशीचा छापील फॉर्म मला तोंडपाठ झाला आहे: ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडींचा गोषवारा आणि शेवटी शेऱ्यांचा अरुंद रकाना. सरकारी रोजनिशीत माणूस नेमका त्या अरुंद रकान्यात सापडतो. खासगी वह्यांची तऱ्हा वेगळी. आधी वारा, मग ढग, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी, उरलाच तर, शत्रू. कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळीवर पाणी पडलं की अक्षरं जांभळी होऊन फुलतात. तो डाग स्कॅनमध्ये इतका स्वच्छ दिसतो की बोट लावून बघावंसं वाटतं. पाणी नदीचं होतं की घामाचं, कोण सांगणार!

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडं मागं जातो. आपणास ती माझ्याहून चांगली ठाऊक आहे.

फेब्रुवारी १९१५ मध्ये भारत सरकारनं ऑस्ट्रेलियाकडे वैमानिक मागितले. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकातल्या फौजेला आकाशात डोळे नव्हते. चार अधिकारी आणि चाळीसेक माणसांचं एक तुटपुंजं पथक निघालं. पूर्ण तुकडी भरेना म्हणून त्याला 'हाफ फ्लाइट' हेच नाव पडलं. २० एप्रिलला मेलबर्न सोडून ते महिन्यानं मुंबईला लागलं आणि मेअखेर बसऱ्याला पोचलं. विमानं भारतानं पुरवली: मॉरिस फर्मान जातीची तीन, तीही वापरून जुनी झालेली. लाकूड, कापड आणि तारा यांचा सांगाडा, पाठीमागं ढकलणारं इंजिन. वेग ताशी पन्नास मैलांच्या आसपास. आणि तिथला शमाल वारा भरात आला की ऐंशी मैलांनी वाहायचा. म्हणजे वाऱ्याला तोंड करून उडणारा वैमानिक खालच्या जमिनीच्या मानानं चक्क मागं जायचा! वह्यांमध्ये आधी वारा का येतो, हे मला इथं कळलं.

या पथकातला जॉर्ज मर्झ हा शिकून डॉक्टर झालेला वैमानिक. ३० जुलै १९१५ रोजी तो आणि न्यूझीलंडचा विल्यम बर्न परतीच्या वाटेवर इंजिन बिघडल्यानं वाळवंटात उतरले आणि तिथल्या सशस्त्र टोळीशी लढत लढत मारले गेले. त्यांचे देह मिळालेच नाहीत. दुसरा थॉमस व्हाइट. टेसिफॉनच्या लढाईआधी १३ नोव्हेंबरला त्याला बगदादजवळच्या तारायंत्राच्या तारा तोडायला पाठवलं. सोबत भारतीय घोडदळातला एक इंग्रज अधिकारी आणि सुरुंगाची दारू. उतरताना विमानाचा पंख तारेच्याच खांबावर आपटला. व्हाइट बंदूक घेऊन लोकांना थोपवतोय, सोबती खांब उडवतोय. स्फोट झाला, तुटलेल्या तारा उसळल्या आणि त्यांच्याच विमानाला गुंडाळल्या गेल्या. तोडायला गेलेली तार गळ्यात! दोघं कैद झाले. व्हाइट १९१८ मध्ये इस्तंबूलहून निसटला, ती पुढची गोष्ट.

आणि तिथल्याच विमानदलातला वैमानिक मेजर रायली. टेसिफॉनच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, तुर्कांच्या बाजूला काहीतरी बदललेलं त्याच्या नजरेत आलं. कुमक आली होती. नीट पाहायला तो पुढे गेला, खालून गोळीबार झाला, विमान उतरवावं लागलं आणि तो पकडला गेला. बातमी पूना डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याच्यापर्यंत पोचलीच नाही. उलट रायलीजवळचा टायग्रिसच्या पात्राचा हाती काढलेला नकाशा तुर्कांना मिळाला, आणि त्या भागाचा तितका चांगला नकाशा त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी पूना डिव्हिजन जी चालून गेली, ती ही बातमी न मिळालेली डिव्हिजन. मराठा पलटणी तिच्यातच होत्या. एक पान या हातातून त्या हातात गेलं, त्याची किंमत खाली चालणाऱ्यांनी चुकवली. तेव्हा वैमानिकाचं पान आणि शिपायाचं पान वेगवेगळ्या कपाटांत ठेवण्याची आपली पद्धत मला मुळातच पटत नाही.

आता कुत.

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळजवळ पाच महिने वेढा चालला. आत इंग्रज होते, पण बहुसंख्य भारतीय होते: शिपाई आणि त्यांच्यासोबतचे भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरवाले. लष्करी भाषेत या सगळ्यांना एकच शब्द, 'फॉलोअर्स'. अन्न संपत आलं तेव्हा घोडी आणि खेचरं कापली गेली. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. धर्माची आडकाठी नाही अशा अर्थाचे निरोप भारतातून मागवले गेले, तरी कित्येक दिवस लोक जवाच्या पिठावर राहिले. आणि पीठ करायचं तर जातं हवं. वाचता वाचता इथं मी खुर्चीतून उठलो. विमानातून कुतमध्ये जात्याचा दगड टाकला होता! सत्तर पौंडांचा, पॅराशूटला बांधून. कापडाच्या पंखांचं, वाऱ्यानं मागं रेटलं जाणारं ते विमान, आणि पोटाखाली आजीच्या ओसरीवर शोभेल असा दगड. सरकारी कागदात त्याचं वजन आहे. खाली त्याला खुंटा कोणी बसवला, हे मात्र कुठंच सापडत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात विमानांनी अन्नच टाकायला सुरुवात केली. वेढ्यात सापडलेल्या फौजेला हवेतून रसद पोचवण्याचा इतिहासातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. पीठ एका पोत्यात, ते पोतं आणखी एका मोठ्या पोत्यात, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवील. माणशी मूठभर शिधा द्यायचा तर दिवसाला ५००० पौंड हवे होते. दोन आठवड्यांत सुमारे १४० फेऱ्या झाल्या, पण टाकलेलं सगळं एकत्र केलं तरी चार दिवसांची भर झाली नाही. काही पोती टायग्रिसमध्ये गेली, काही तुर्कांच्या खंदकांत. वैमानिकांच्या बाजूनं ही कथा अनेक ठिकाणी वाचायला मिळते: किती वजन, किती उंची, कुठं नेम चुकला. मान वर करून त्या पोत्याकडे पाहणाऱ्याच्या बाजूनं ती सांगणारी वही मला अजून मिळालेली नाही.

कुत पडलं तेव्हा हाफ फ्लाइटचे नऊ मेकॅनिकही आत होते. विमानं आधीच निघून गेली होती, ही माणसं मागं राहिली. नवांपैकी सात कैदेत मेले. आपल्याकडे सुपातले हसतात आणि जात्यातले रडतात म्हणतात. इथं सुपातले आणि जात्यातले एकाच वाटेनं चालत गेले, वाळवंटातून रेल्वेच्या कामांकडे.

माझी तक्रार आहे ती इथं. त्या नऊ जणांपैकी प्रत्येकाचं नाव, क्रमांक, घरचा पत्ता, कागदपत्रं मला घरबसल्या मिळाली. मिळायलाच हवी होती. ऑस्ट्रेलियन रेड क्रॉसची जखमी आणि बेपत्ता सैनिकांची चौकशी करणारी कचेरी होती. ती व्हेरा डीकिन या तरुण बाईंनी आधी कैरोत आणि मग लंडनमध्ये चालवली. त्या फायली आज एकेका नावानं उघडतात. (या बाईंनी पुढे लग्न केलं ते वर आलेल्या थॉमस व्हाइटशी. बेपत्ता माणसं शोधणारीच्या नशिबी तारेत अडकलेला माणूस!) पण याच वेढ्यातला, याच कैदेतला, ११० व्या पलटणीतला एखादा शिपाई शोधायला जावं तर सूची म्हणते, 'एक भारतीय शिपाई', 'काही भारतीय', 'फॉलोअर'. कित्येकदा पानावर नाव असतं हो! शेऱ्याच्या अरुंद रकान्यात, तिरक्या अक्षरात, चुकीच्या स्पेलिंगनं का होईना, असतं. सूचीत मात्र उतरत नाही. पान लिहिणाऱ्या लेफ्टनंटानं जेवढी दखल घेतली, तेवढीही शंभर वर्षांनंतरची सूची घेत नाही.

हे मी आकसानं म्हणत नाही. बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण भारतीय सैन्याच्या फलकांवर नावं कोरली ती अधिकाऱ्यांची. बाकीचे शिपाई पलटणीच्या नावाखाली आकडा होऊन राहिले. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननंच एप्रिल २०२१ च्या आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. दगडावरची चूक दुरुस्त करणं महाग आणि किचकट असतं. सूचीतली चूक दुरुस्त करायला छिन्नी लागत नाही. मग नव्या कोऱ्या डिजिटल सूचीत तीच उतरंड पुन्हा का रचायची?

नावाचा प्रश्न किती खरा आहे ते एका वैमानिकाच्याच उदाहरणानं सांगतो. श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचा, केंब्रिजला शिकलेला, २३ व्या स्क्वाड्रनचा वैमानिक. २७ जून १९१८ रोजी त्याचं डॉल्फिन विमान फ्रान्समध्ये पाडलं गेलं आणि तीन दिवसांनी तो जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांनी गेला. पुरताना त्याचं नाव असं काही बिघडलं की युद्ध संपल्यावर ती कबर त्याचीच, हे ठरवायला काही वर्षं लागली. आज ती हांगार गावच्या दफनभूमीत आहे. आणि मी वर 'वेलिणकर' लिहिलं आहे तेही अंदाजानंच, कारण इंग्रजी स्पेलिंगवरून 'वेलिणकर' की 'वेलिंकर' हे उमगत नाही. अधिकाऱ्याची, केंब्रिजवाल्याची ही गत, तर जवाचं पीठ दळणाऱ्याची काय असेल?

मध्यंतरी मी एका संस्थेला (नाव घेत नाही, माणसं भली आहेत) लिहिलं की अमुक पानावर 'पोवार' म्हणून जे वाचलं आहे ते आडनाव आहे, सूचीत ते गावाचं नाव म्हणून पडलं आहे. उत्तर आलं, आभारी आहोत. तीन महिन्यांनी पाहिलं तर पोवार अजून गावच! मराठी माणसाला पोवार, पवार आणि पोआर हे एकाच घरचे आहेत हे सांगावं लागत नाही. जाधव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले दिसतात, शिंदे तर विचारूच नका. हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर इंग्रजी नावांवर शिकलेलं असल्यासारखं वागतं. 'सावंत' दिसलं की त्याला इंग्रजीतला नोकर आठवतो, आणि शिपायाचा निमूटपणे गडी होतो.

२०१४ मध्ये लंडनचं नॅशनल अर्काइव्ह्ज, इम्पीरियल वॉर म्युझियम आणि स्वयंसेवकांकडून संशोधनाची कामं करून घेणारं संकेतस्थळ झूनिव्हर्स यांनी 'ऑपरेशन वॉर डायरी' सुरू केलं. हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून पश्चिम आघाडीच्या रोजनिश्यांतली माणसं, ठिकाणं, कामं यांवर खुणा केल्या. ते काम मला फार आवडलं होतं. तसंच मेसोपोटेमियाचं करा. पण खुणा करणाऱ्यांत या नावांची घरातली ओळख असलेली माणसं घ्या. मराठी, पंजाबी, गढवाली, बंगाली, तमिळ, जी पलटण त्या भाषेची. लाहोर संग्रहालयात पंजाबच्या सुमारे ३,२०,००० रंगरूटांच्या गावनिहाय नोंदी पडून होत्या. त्यांचं डिजिटायझेशन सुरू होऊन २०२१ मध्ये पहिली खेप खुली झाली, आणि लोक आपल्या खापरपणजोबांचं गाव त्यात शोधू लागले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या लोकांनाही तशी चौकट द्या, ते बसतील शोधत.

दुसरं मागणं तारखेचं. वैमानिकाची १८ एप्रिलची नोंद उघडली की त्याच दिवसाची, त्याच जागेची पायदळाची नोंद शेजारी दिसावी. माल कुठं पडला ते वरच्याला ठाऊक, कोणी उचलला ते खालच्याला. दोन पानं शेजारी ठेवली की निम्मं कोडं आपोआप सुटतं. ठिकाणांची स्पेलिंगं एकमेकांशी जोडून ठेवली तरी पुष्कळ होईल. एकट्या कुतचीच मी सात पाहिली आहेत, आणि टेसिफॉनला कुणी सलमान पाक म्हणतो.

आणि पानाच्या कडा कापू नका. स्कॅन देखणं दिसावं म्हणून समास छाटलेली पानं मी पाहिली आहेत. हिशोब, बेरजा, उधारी, उलट्या बाजूनं उमटलेली अक्षरं आणि नोकराचाकरांची नावं असतात ती समासातच. कोऱ्या पानांचंही स्कॅन ठेवा. जिथं वही थांबली तिथून पुढची कोरी पानं मोजत बसावंसं वाटतं मला. ते कोणाच्या कामाचं नसेल, तरीही.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला वेगळं सांगायला हवं का? त्याच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर पुष्कळ चांगलं साहित्य आहे. पण ही मागणी करताना सगळी बोटं लंडन-कॅनबेराकडे दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. विमानं भारत सरकारनं पुरवली, वैमानिक भारत सरकारनं मागितले. १९१४ च्या सुमारास संयुक्त प्रांतात (आजच्या उत्तर प्रदेशात) सीतापूरला लष्करी वैमानिकांची शाळा होती, तिथलीच माणसं आणि विमानं सुएझ कालव्याच्या रक्षणाला गेली. या पत्रव्यवहाराचं एक टोक आपल्याकडे आहे. ते आणि परदेशातल्या वह्या एकाच शोधात यायला हव्यात.

शिपाई लिहीत नव्हते म्हणून त्यांच्या वह्या नाहीत, असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. फ्रान्समधल्या भारतीय शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचा. त्यांतल्या हजारो उताऱ्यांचे इंग्रजी अनुवाद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ते डिजिटलही झाले आहेत. मूळ पत्रं पुढे घरी गेली. आणि कुतमध्येच असलेले बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरचे शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांनी कैदेत आपल्या नोंदींचे कपटे बुटात लपवून ठेवले होते. म्हणजे लिहिणारे होते, लपवणारेही होते. आपल्याकडच्या कुठल्या पत्र्याच्या ट्रंकेत, पोथ्यांच्या खाली, बसऱ्याचा शिक्का असलेलं एखादं पोस्टकार्ड अजून असेल. ते देणाऱ्यानं विचारलं, 'हे कुठं देऊ, कोण नीट ठेवील?', तर त्याला सांगायला माझ्याकडे एक पत्ता हवा आहे. तो पत्ता आपण जाहीर करावा आणि तिथं मराठी वाचू शकणारा एक माणूस बसवावा.

मी स्वतः आठवड्याला सहा तास देऊ शकतो. मोडी येते, जुनी इंग्रजी अक्षरं आता वाचता येतात, डोळे अजून शाबूत आहेत. सुरुवातीला कुतच्या वेढ्यातली एप्रिल १९१६ ची पानं द्या, समासासकट. त्या जात्याच्या दगडाला खुंटा बसवणारा कुठं सापडतो का, ते आधी बघेन. आणि तेवढं ते 'पोवार' गाव सूचीतून काढून टाका.

आपला,
एक वाचक